मुलांचा मायनस नंबर वाढतोय: थेंब, खास काचा की रात्रीच्या लेन्स?

गेल्या जूनमध्ये उणे १ असलेला नंबर या जूनमध्ये उणे १.७५ निघाला, तर फक्त नव्या काचा टाकून घरी येणं आता पुरेसं नाही. नाशिकमध्ये मुलांचे डोळे नीट तपासणारे नेत्रतज्ज्ञ आणि ऑप्टोमेट्रिस्ट अशा वेळी साधारण तीन पर्याय पुढे ठेवतात. पहिला, रोज झोपताना कमी ताकदीच्या अ‍ॅट्रोपिनचा एक थेंब. दुसरा, नंबरची वाढ मंदावणाऱ्या खास काचांचा चष्मा. तिसरा, रात्री घालून सकाळी काढायच्या कडक लेन्स, म्हणजे ऑर्थो-के.

तिन्हींपैकी कशानेही आलेला नंबर कायमचा जात नाही, वाढीचा वेग कमी होतो. मायनस नंबर वाढतो तेव्हा डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांबत असतो आणि आतला पडदा ताणला जात असतो. पडदा सुटणं, पडद्याचा मधला भाग खराब होणं हे चाळिशी-पन्नाशीतले धोके त्या ताणातून येतात. नंबर १ डायॉप्टरने (डायॉप्टर हे चष्म्याच्या नंबरचं एकक) कमी राखता आला, तर मधल्या भागाच्या या विकाराची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असं बुलिमोर आणि ब्रेनन यांनी २०१९ मध्ये दाखवलं. उणे ५ आणि उणे ३ यांत चष्मा जाड-पातळ होण्यापलीकडचा फरक आहे, तो हा.

निवडीच्या आधी दोन मोजमापं

पहिलं, बाहुली मोठी करून काढलेला नंबर. मुलांचा डोळा फोकस करताना इतका जोर लावतो, की संगणकावरची तपासणी नसलेला मायनस दाखवू शकते. त्यासाठी साधारणपणे सायक्लोपेंटोलेट १ टक्का हा थेंब काही मिनिटांच्या अंतराने दोनदा घालून अर्ध्या-पाऊण तासाने नंबर काढतात. त्या दिवशी जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी ही तपासणी ठेवू नका. थेंब न घालता काढलेल्या नंबरवरून औषध किंवा महागड्या काचा सुरू करू नयेत, असं आमचं ठाम मत आहे.

दुसरं, डोळ्याची लांबी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी भिंगाचा नंबर काढायला जे ऑप्टिकल बायोमीटर वापरतात, त्याच यंत्रावर ती मोजता येते. डोळ्याला स्पर्श होत नाही, मिनिटभरात काम होतं. सोनोग्राफीच्या ए-स्कॅनवर मोजलेली लांबी इथे फारशी कामाची नाही, कारण त्यातली चूक ०.१ मिलिमीटर किंवा जास्त असू शकते आणि आपल्याला सहा महिन्यांतला फरक तेवढाच छोटा शोधायचा असतो. वर्षाला ०.३ मिलिमीटरच्या वर वाढ म्हणजे वेग जास्त, ०.१ च्या आसपास म्हणजे जवळपास वयानुसार वाढ. पुढचं मोजमाप त्याच यंत्रावर करून घ्या आणि आकडे वहीत लिहून ठेवा.

यात एक गोष्ट हमखास निसटते. मायनसपेक्षा सिलिंडर (चिठ्ठीवर अक्षासोबत लिहिलेला नंबर) जास्त वेगाने वाढत असेल आणि मूल उन्हाळ्यात सतत डोळे चोळत असेल, तर आधी बुबुळाची टोपोग्राफी, म्हणजे बुबुळाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, करा. चोळण्याने बुबुळ पातळ होऊन पुढे येण्याचा विकार, केराटोकोनस, अगदी अशाच वाढत्या नंबरच्या रूपात समोर येतो. त्यावरचे उपचार वेगळे आहेत.

थेंब

अ‍ॅट्रोपिन म्हटलं की १ टक्क्याचं, दहा-बारा दिवस बाहुली मोठी ठेवणारं औषध आठवतं. इथे ते २० ते १०० पट सौम्य करून वापरतात. प्रश्न किती सौम्य, हा आहे. हाँगकाँगच्या 'लॅम्प' अभ्यासात ४ ते १२ वर्षांच्या ४३८ मुलांना चार गटांत वाटलं होतं. पहिल्या वर्षी औषध नसलेल्या थेंबाच्या गटात नंबर ०.८१ डायॉप्टरने वाढला, ०.०१ टक्क्यावर ०.५९, ०.०२५ वर ०.४६ आणि ०.०५ वर ०.२७. डोळ्याची लांबी याच क्रमाने ०.४१, ०.३६, ०.२९ आणि ०.२० मिलिमीटर वाढली. म्हणजे ०.०१ टक्क्याने लांबीला फारसा लगाम बसला नाही. अमेरिकेत १८७ मुलांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ०.०१ टक्का आणि औषध नसलेला थेंब यांत दोन वर्षांनी फरक दिसला नाही. भारतातल्या 'आय-अ‍ॅटम' अभ्यासात मात्र वर्षभरात ०.०१ टक्क्यावर नंबर ०.१६ ने आणि औषध नसलेल्या थेंबावर ०.३५ ने वाढला, लांबीतला फरक ठळक नव्हता. हाँगकाँगच्या मुलांचा नंबर उपचाराविनाही आपल्या मुलांच्या दुप्पट वेगाने वाढत होता, हे ध्यानात ठेवूनच तिथली टक्केवारी इथे लावावी.

यातून निघणारी कामाची गोष्ट अशी: ०.०१ वर सहा-आठ महिन्यांत लांबी आटोक्यात येत नसेल, तर तीच बाटली वर्षानुवर्षं चालू ठेवू नका. ताकद वाढवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. ताकद वाढली की उन्हात डोळे दिपणं आणि जवळचं किंचित धूसर होणं वाढू शकतं. थेंब झोपताना घालतात तो याचसाठी.

घालण्याची रीत साधी आहे, पण चुकते. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं हलका दाब. दोन थेंब घातल्याने परिणाम दुप्पट होत नाही, जास्तीचा गालावर ओघळतो. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्यायची. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा बाटली गाडीत किंवा खिडकीत राहू देऊ नका. आणि थेंब मनाने एकदम बंद करू नका: जास्त ताकदीचं औषध अचानक थांबवलं की नंबर उसळी मारतो. वय जितकं कमी, तितकी ती उसळी मोठी.

खास काचा

बाहेरून साध्या दिसतात. मधला सुमारे ९ मिलिमीटरचा भाग साध्या नंबरचा असतो आणि त्याभोवती शेकडो बारीक भिंगं असतात. मधून फळा स्पष्ट दिसतो, भोवतालच्या भिंगांमुळे पडद्याच्या पुढे फोकस न झालेला उजेड पडतो आणि तो डोळ्याला 'लांबू नको' असा इशारा देतो. होयाच्या मायोस्मार्ट काचांच्या हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या अभ्यासात नंबरची वाढ ५२ टक्क्यांनी आणि लांबीची ६२ टक्क्यांनी कमी दिसली. एसिलॉरच्या स्टेलेस्टचा अभ्यास चीनच्या वेन्झोऊमध्ये झाला. त्यात दिवसाला १२ तास किंवा जास्त चष्मा घालणाऱ्या मुलांत नंबरची वाढ ६७ टक्क्यांनी मंदावली. दोन्ही अभ्यासांतली मुलं ८ ते १३ वर्षांची होती.

त्या १२ तासांकडे नीट पाहा. शाळेत घालून घरी टेबलावर ठेवलेल्या चष्म्याकडून हे आकडे मिळत नाहीत. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, क्लास आणि खेळ धरून, चष्मा नाकावर हवा.

बिघडतं ते बसवण्यात. काचेचं केंद्र दोन्ही डोळ्यांच्या बाहुलीसमोर यायला हवं. त्यासाठी फ्रेम मुलाच्या चेहऱ्यावर नीट बसवून मग काचेवर बाहुलीची खूण करतात आणि प्रत्येक डोळ्याचं अंतर व उंची वेगळी मोजतात. नुसतं ६० असं दोन डोळ्यांमधलं एकच अंतर लिहून ऑर्डर गेली, तर थांबवा. फ्रेम घसरली की मूल वरून डोकावतं आणि पैसे वाया जातात. सपाट नाक असेल तर हलवता येणारे नोज-पॅड, कानामागे पकड आणि फार मोठी नसलेली फ्रेम घ्या. दर दोन-तीन महिन्यांनी दुकानात फ्रेम सरळ करून घ्या. पहिले काही दिवस बाजूचं थोडं धूसर वाटतं, जिने उतरताना लक्ष द्या.

तुटण्या-ओरखडण्याचा खर्च विचारात घ्या. नंबर ०.५० ने बदलला तरी नवी जोडी लागते. ऑर्डर देण्याआधी तुटल्यास आणि सहा महिन्यांत नंबर बदलल्यास काय सवलत, हे बिलावर लिहून घ्या.

ऑर्थो-के

रात्री सात-आठ तास लेन्स घातली की बुबुळाचा मधला भाग किंचित सपाट होतो आणि दिवसा चष्म्याविना दिसतं. पोहणाऱ्या, क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना हे फार आवडतं. हाँगकाँगच्या 'रोमिओ' अभ्यासात ६ ते १० वर्षांच्या मुलांत दोन वर्षांत डोळ्याची लांबी वाढण्याचा वेग ४३ टक्क्यांनी कमी होता. साधारण उणे ४ च्या आतल्या नंबरला सोपं, त्यापुढे उणे ६ पर्यंत अवघड होत जातं. लेन्स लावणं थांबवलं की बुबुळ पूर्ववत होतं, नंबर परत दिसू लागतो.

धोका एकच आहे, पण मोठा: बुबुळाचा संसर्ग. तो क्वचित होतो, पण झाला तर बुबुळावर कायमचा डाग राहू शकतो. नळाच्या आणि टाकीच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो आणि त्याचा संसर्ग महिनोन् महिने छळतो. म्हणून लेन्सला पाणी लागता कामा नये. ना धुताना, ना डबीला. साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडे करा, मगच लेन्सला हात लावा. डबीतलं जुनं द्रावण ओतून टाकायचं, त्यात नवं मिसळायचं नाही. डबी दर महिन्याला बदला. सकाळी लेन्स चिकटली असेल तर ओढू नका. कृत्रिम अश्रूंचे थेंब घालून काही मिनिटं थांबा, पापणी हलवत ती सैल करा आणि हलली की काढा. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड खुपला, तर लेन्स बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. सर्दी-तापातही लेन्स नको.

उन्हाळ्यात ज्यांचे डोळे सतत खाजतात, त्या मुलांना ऑर्थो-के देऊ नये. रात्री अकराला झोपून साडेपाचला उठणाऱ्या मुलालाही नको, कारण झोप अपुरी पडली की दुपारनंतर फळा धूसर होतो.

मग कोणी काय घ्यावं

सहा-सात वर्षांचं मूल, नंबर लहान पण वेग जास्त: आधी काचा, चष्मा टिकत नसेल तर ०.०२५ किंवा ०.०५ चा थेंब. आठ ते बारा, दिवसभर चष्मा घालणारं मूल: काचा, आणि सहा महिन्यांनी लांबी आटोक्यात नसेल तर जोडीला थेंब. दहाच्या पुढचं, स्वतः शिस्तीने हात धुणारं, चष्म्याला कंटाळलेलं मूल आणि रोज रात्री शेजारी उभं राहणारं कोणी मोठं माणूस घरात असेल, तर ऑर्थो-के. आई-वडील दोघंही रात्री उशिरा येत असतील आणि आजी थेंब घालणार असेल, तर थेंब आणि काचा यांपैकी जे आजीला रोज जमेल ते. लांबीच्या बाबतीत काचांच्या ६२ आणि ऑर्थो-केच्या ४३ टक्क्यांमधली तफावत निवडीला फार वजन देत नाही. रोज न चुकता होणारा उपचार कागदावरच्या चांगल्या आकड्यावर मात करतो. पाच वर्षांच्या आत उणे ४-५ नंबर असेल तर त्यामागे शरीरातला दुसरा विकार असू शकतो, म्हणून यातलं काही सुरू करण्याआधी मुलांच्या नेत्रतज्ज्ञांकडून पडदा आणि सांध्यांसारख्या इतर गोष्टींची तपासणी करून घ्या.

खर्चाची विभागणीही वेगळी असते. थेंबाला दर महिन्याला थोडे पैसे, काचांना वर्षाकाठी एकरकमी. ऑर्थो-केला सुरुवातीला मोठी रक्कम, पुढे द्रावण, डबी आणि ठरावीक काळाने नवी लेन्स. तिन्हींत तपासणीचा खर्च वेगळा धरा.

काय घेऊ नये

खऱ्या नंबरपेक्षा कमी नंबरच्या काचा देऊन वाढ थांबत नाही. २००२ मधल्या मलेशियातल्या अभ्यासात ती उलट थोडी वाढली. ब्लू-कट काचांनी मायनस थांबतो याला पुरावा नाही. गाजर, डोळ्यांचे व्यायाम, तेच. नंबर रोखण्यासाठीचं लाल प्रकाशाचं यंत्र घरी आणू नका: चीनमध्ये १२ वर्षांच्या मुलीच्या पडद्याला त्याने इजा झाल्याची नोंद २०२३ ची आहे.

आणि बाहेरचा उजेड हवाच. चीनच्या ग्वांगझोऊमध्ये शाळेत रोज ४० मिनिटं जादा बाहेर खेळायला लावलं, तर तीन वर्षांत तिथल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला, इतर शाळांत ३९.५ टक्के. याचा उपयोग नंबर लागायच्या आधी सगळ्यात जास्त, म्हणून घरातल्या धाकट्या भावंडासाठी आजच सुरू करा. गोल्फ क्लब मैदान, गोदापार्क किंवा सोसायटीचं अंगण पुरतं. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतानाही बाहेरचा उजेड वर्गातल्यापेक्षा कित्येक पट असतो.

उपचार किती वर्षं? 'कॉमेट' या अमेरिकी अभ्यासात १५ व्या वर्षापर्यंत सुमारे निम्म्या आणि १८ पर्यंत तीन चतुर्थांशांहून थोड्या जास्त मुलांचा नंबर स्थिरावला. म्हणून लांबी सलग वर्षभर जागेवर राहिल्यावर थेंब हळूहळू कमी करा, खास काचांऐवजी साध्या काचा घ्या, आणि बंद केल्यावर सहा महिन्यांनी एकदा पुन्हा लांबी मोजून घ्या.