एफएम२ की एफई२: वेंगुर्ल्याच्या हवेत ११ महिने

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. निकॉनचा एफएम२ आणि निकॉनचाच एफई२, दोन्ही फिल्म कॅमेरे ११ महिने आलटून पालटून वापरले आणि शेवटी एफई२ ठेवला. ज्या कारणासाठी तो घेतला होता, त्या कारणासाठी मात्र नाही ठेवला.

मी वेंगुर्ल्यात औषधांचं दुकान चालवते. पहाट आणि दुकान बंद असतं ती दुपार, एवढाच माझा फोटोंचा वेळ. एफएम२ मामाचा. तो दादरला असताना त्यावर लग्नांचे फोटो काढायचा. १९८२ साली आलेल्या पहिल्या तऱ्हेचा आहे, म्हणजे फ्लॅश लावून जास्तीत जास्त १/२०० सेकंदाचा वेग देणारा. १९८४ पासूनच्या एफएम२ ला तो वेग १/२५० मिळाला. गेली १२ वर्षं तो कपाटात पडून होता. "घेऊन जा गं, इथे नुसता धूळ खातोय," म्हणाला आणि वर ५० मिमीची एफ १.८ लेन्सही दिली. एफई२ मी मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून कुरिअरने मागवला. तो १९८३ ते १९८७ एवढीच वर्षं निघाला. एफएम२ मात्र २००१ पर्यंत चालू राहिला, त्यामुळे बाजारात तोच जास्त दिसतो आणि त्याचाच जास्त उदोउदो होतो.

दोन्ही शेजारी ठेवले तर आईला आजतागायत फरक कळलेला नाही. वजन ५४० आणि ५५० ग्रॅम. लेन्सचं माउंट तेच, फोकसिंग स्क्रीन याची त्याला चालते, सर्वांत जलद शटर दोघांचंही १/४०००. शटरची पाती दोन्हींत टायटॅनियमची, मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असलेली. (घामट बोट चुकूनही लावू नका. मी लावलं नाही, पण कोणीतरी लावलेलं मामाच्या कॅमेऱ्यात दिसतं.) रोल पुढे सरकवायचा खटका थोडा बाहेर ओढून शटरचं बटण हलकं दाबलं की मीटर चालू होतो, तोही दोन्हींत सारखाच. मी डाव्या डोळ्याने बघते, त्यामुळे तो खटका कपाळाला टोचतो, हाही त्रास दोन्हींत सारखाच.

फरक आत आहे. एफएम२ चं शटर संपूर्ण यांत्रिक. सेल लागतात ते फक्त लाइट मीटरला. एफई२ चं शटर इलेक्ट्रॉनिक. चाकी 'ए' वर ठेवली की अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक) आपण ठरवायचं, शटरची वेळ तो ठरवतो. सेल संपले की हातात १/२५० आणि बी (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं), बस.

त्यामुळे ज्याला विचारावं तो एकच सांगायचा. कोकणात राहतेस, खारी हवा, ३,००० मिलिमीटर पाऊस, सर्किटवाला कॅमेरा कशाला घेतेस? यांत्रिकच वापर. मलाही ते पटलेलं होतं. एफई२ घेतला तो निव्वळ ऑटोच्या मोहाने.

आणि पहिल्याच महिन्यात दगा दिला तो यांत्रिक एफएम२ ने. १/१२५ च्या पुढचे वेग ठीक होते, पण खालचे सगळे सुस्त. एक सेकंदावर लावलं की खर्रर्र आवाज यायचा आणि शटर सावकाश, दीड सेकंदाने मिटायचं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून मोजलं. १२ वर्षं न हललेल्या चाकांतलं वंगण घट्ट झालेलं, दुसरं काय. मुंबईला बोरा बाजारात पाठवून साफ करून घेतला, त्यात दोन महिने गेले. यांत्रिक म्हणजे अमर असं मी तोवर धरून चालले होते. यांत्रिक म्हणजे दुरुस्त होण्याजोगा, एवढंच. अर्थात तेही थोडं नाही. एफई२ चं सर्किट गेलं तर बदली भाग दुसऱ्या मेलेल्या एफई२ मधूनच काढायचा.

आता सेलची गोष्ट. फेब्रुवारीत रापण ओढताना बघायला पहाटे किनाऱ्यावर गेले होते. होडीने अर्धवर्तुळात जाळं सोडलेलं, दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं मागे मागे सरकत होती. दोराच्या बाजूने कॅमेरा लावला, बटण दाबलं आणि समोर मिट्ट काळोख. एफई२ चे सेल मेले की आरसा वरच अडकतो, हे वाचलेलं होतं; पण वाचलेलं आठवायलाही मिनिटभर लागलं. चाकी एम२५० वर (सेलशिवाय चालणारा १/२५०) फिरवली तसा आरसा टपकन खाली आला. तिथून पुढचा सगळा रोल १/२५० वर काढला. ४०० आयएसओची एचपी५ फिल्म होती, उजेड वाढेल तसं अ‍ॅपर्चर एफ २.८ पासून एफ ११ पर्यंत मिटत नेलं. निगेटिव्ह बऱ्या आल्या.

हे बघणाऱ्या एका रापणकाराने विचारलं, "काय गो बाय, बिघाडलो?"

म्हटलं, "सेल संपले."

"मगे फोटो दिसाचे नाय?"

"रोल धुवेपर्यंत तसेही दिसत नाहीत."

"मगे इतको खटाटोप कित्याक?" याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

घरी येताना विचार केला, हातात एफएम२ असता तर काय झालं असतं? शटरचे सगळे वेग चालले असते, पण मीटर त्याचाही मेलाच असता. म्हणजे उजेडाचा अंदाज मलाच बांधावा लागला असता, जो मी तसाही बांधला. सेल नसताना एफएम२ पुढे आहे, पण लोक सांगतात तितका नाही. ११ महिन्यांत असं घडलं ते एकदाच. तेव्हापासून पर्सच्या चेनच्या कप्प्यात दोन जादा सेल असतात. सिल्व्हर ऑक्साइडचे एसआर४४ घ्या. एलआर४४ स्वस्त आहेत, पण त्यांचा विद्युतदाब (व्होल्टेज) हळूहळू उतरत जातो. गंमत म्हणजे माझ्या दुकानात बटणसेलांचा गठ्ठा आहे, पण तो थर्मामीटरच्या एलआर४१ चा. हे त्यांचे धाकटे भाऊ, कॅमेऱ्यात खडखड वाजतात.

तर मग एफई२ का ठेवला? काट्यासाठी.

एफएम२ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडे तीन लाल दिवे आहेत: अधिक, शून्य, उणे. शून्य पेटला की बरोबर. शून्याबरोबर अधिक पेटला तर थोडं जास्त. नुसता अधिक पेटला तर एका स्टॉपहून जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). पण किती जास्त? दीड स्टॉप की चार? ते दिवा सांगत नाही. शून्य येईपर्यंत अ‍ॅपर्चरची कडी फिरवायची आणि किती घरं फिरली ते मनात मोजायचं.

एफई२ मध्ये डावीकडे शटरच्या वेगांची उभी पट्टी आहे आणि तिच्यावर दोन काटे. हिरवट पारदर्शक काटा आपण लावलेला वेग दाखवतो, काळा काटा मीटरला वाटतं तो. काळा काटा हिरव्यावर आणायचा की बाजूला ठेवायचा, आणि बाजूला तर किती, ते एका नजरेत दिसतं.

घरात बसून हा फरक क्षुल्लक वाटतो. आमच्या किनाऱ्यावर उभं राहा, मग बोला. सकाळी १० वाजता सागरेश्वरच्या पुळणीवर कॅमेरा पाण्याकडे वळवला की काळा काटा १००० वर. तोच जाळं निवडणाऱ्या बायकांकडे वळवला की २५० वर. दोन्ही मीटर चौकटीच्या मधल्या वर्तुळाला ६० टक्के वजन देतात, तरी मागचा चकाकता समुद्र त्यांना फसवतोच. फसला तरी हरकत नाही, पण किती फसला ते मला कळायला हवं. काटा समुद्रावरून माणसावर आणि माणसावरून वाळूवर सरकताना बघितला की त्या जागेचा उजेड पाठ होतो. दोन मिनिटांत मी ठरवते, इथे २५०, आणि मग मीटरकडे बघतच नाही. दिव्यांनी मला हे कधी शिकवलं नसतं. एफएम२ वरच्या पहिल्या पाच रोलांत चेहरे काळे आणि समुद्र सुरेख आहे.

आता गंमत बघा. ज्या ऑटोसाठी हा कॅमेरा घेतला, ते मी फारसं वापरतच नाही. ऑटोवर समुद्राची फसगत टाळायची तर टायमरची दांडी लेन्सकडे दाबून उजेड धरून ठेवावा लागतो, प्रत्येक फोटोला. नाहीतर भरपाईची चाकी फिरवायची आणि परत आणायला विसरायचं. त्यापेक्षा मॅन्युअल बरं. ऑटो खरं उपयोगी पडलं ते फक्त श्रावणात. नारळी पौर्णिमेला बंदरावर जमले होते सगळे. क्षणात ऊन, क्षणात सर, एका मिनिटात उजेड चार स्टॉप वरखाली. तिथे एफ ५.६ लावलं, चाकी 'ए' वर टाकली आणि फक्त माणसं बघत राहिले.

काट्याचा तोटा रात्री. दशावताराला तो काळ्यावर काळा, शोधूनही दिसत नाही. कार्तिकातल्या जत्रांना मी एफएम२ नेला तो यासाठीच. काळोखात लाल दिवे छान दिसतात. एचपी५ १६०० वर ताणली (४०० ऐवजी १६०० आयएसओ धरून वापरली), १/६० ला एफ २, आणि पहाटेपर्यंत नाटक चाललं. पण तिसऱ्या जत्रेत लक्षात आलं की मंचावरचा उजेड रात्रभर बदलतच नाही. संकासुर येवो की राजा, ट्यूबलाइट तीच. एकदा स्वतःचा तळहात त्या उजेडात धरून मापून घेतला की झालं, मग दिवे आणि काटा दोन्हींची गरज संपली. तरी एक कबूल करते: तुमचं बहुतेक काम रात्रीचं असेल तर एफएम२ च घ्या.

निकॉनने २००१ मध्ये एफएम३ए काढला. त्यात यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक अशी दोन्ही शटरं एकत्र केली, आणि दिवे सोडून काटा घेतला. हे वाचून मला उगाचच कोणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. त्याच्या किमतीत मात्र माझ्या फ्रिजसकट वॉशिंग मशिनही येईल.

पावसाळ्याबद्दल. जून ते ऑगस्ट दोन्ही बॉडी निर्धोक राहिल्या. सर्किटवाल्यालाही काही झालं नाही. बुरशी आली ती लेन्सला, आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या धाग्याएवढी. म्हणजे ज्या भीतीने सगळे मला यांत्रिक घे म्हणत होते, ती भीती चुकीच्या वस्तूबद्दल होती. लेन्स साफ करून घेतली. आता सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात असतं, सोबत सिलिका जेल. ते औषधांच्या बाटल्यांमधून मी वर्षभर साठवते. मोठे निळे दाणे विकतचे, गुलाबी पडले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करते. आई म्हणते, पापडांना इतकी माया मिळाली असती तर ते सादळले नसते. मागच्या दाराचा आणि आरशाखालचा फोम दोन्ही कॅमेऱ्यांत चिकट काकवी झाला होता, तो मुंबईतच बदलून घेतला. या वयाच्या कॅमेऱ्यात तो खर्च धरूनच चाला.

रोल धुण्याबद्दल एकच. टाकीचं पाणी एप्रिलमध्ये ३० अंशांवर जातं आणि डी-७६ या डेव्हलपरला २० हवं. बर्फ मासळीबाजारातून आणते. पिशवीतून डेव्हलपरच्या बाटलीला बाहेरून लावायचा, आत टाकायचा नाही. घरभर बांगड्याचा वास येतो, निगेटिव्हला येत नाही.

एफई२ घ्यायचा असेल तर हातात घेऊन पाहा. माझ्या विक्रेत्याने फोटोंत लपवलं होतं ते मला पार्सल उघडल्यावर कळलं: काटा सरकताना मध्येच उडी मारायचा. तेही साफ करण्याने बसलं, पण पैसे गेलेच. खिडकीकडून खोलीकडे कॅमेरा सावकाश फिरवा, काटा सलग उतरला पाहिजे. त्याआधी खटका ओढून फोटो मोजणारा आकडा १ वर आणा. तोवर मीटर बोलत नाही आणि शटर १/२५० वरच पडतं, नवखे याला बिघाड समजतात. सेल काढून एम२५० चालतं का बघा. मग मागचं दार उघडून पात्यांवर बोटांचे ठसे. आणि एआयच्या (लेन्सचं अ‍ॅपर्चर बॉडीला कळवण्याची निकॉनची पद्धत) आधीच्या जुन्या लेन्स यांतल्या कोणत्याच बॉडीला लावू नका, कडा अडकून मोडते.

एफएम२ परवा मामाकडे परत पोचवला. त्याने लेन्स न लावताच तो कानाशी धरला, चाकी एकवर नेली, बटण दाबलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. मग पुन्हा दाबलं. मामी आतून ओरडली, "चहा निवतोय," तेव्हा कुठे खाली ठेवला.