भाडेकरू तपासायचा कसा: ॲपचा रिपोर्ट की जुन्या मालकाला फोन?

पोलीस व्हेरिफिकेशन आणि रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स (भाडेकरार) दोन्ही पद्धतींत लागतंच, त्यात निवड नाही. फक्त एवढंच, की पोलिसांकडे फॉर्म भरला म्हणजे माणूस तपासून झाला असं बरेच मालक धरून चालतात, तसं नाहीये. ती आपण दिलेली माहिती असते, भाडं वेळेवर देतो का हे पोलीस कशाला सांगतील? आपला प्रश्न त्याच्याही आधीचा, टोकन घेण्याआधीचा. पुण्यातल्या वाकडच्या फ्लॅटसाठी मी दोन्ही प्रकार करून पाहिलेत: पैसे घेऊन भाडेकरूची माहिती तपासून देणाऱ्या ॲपचा रिपोर्ट, आणि त्याच्या जुन्या मालकाला थेट फोन.

रिपोर्टचं सगळ्यात चांगलं म्हणजे आपल्याला कोणाशी बोलावं लागत नाही. पॅन-आधार खरं आहे का, कंपनीत खरंच नोकरीला आहे का, एवढं तो बरं सांगतो. तुम्ही दुबईत किंवा अमेरिकेत असाल, फ्लॅट पुण्यात आणि एजंट "पार्टी एकदम चांगली आहे साहेब" यापलीकडे काही बोलत नसेल, तर घ्याच रिपोर्ट.

माझं बिनसलं ते कोर्ट केसवाल्या रकान्यात. कोर्टाचं रेकॉर्ड ई-कोर्ट्स या सरकारी वेबसाइटवर कोणालाही बघता येतं, पण तिथे पक्षकाराचं नाव असतं, आधार नंबर नसतो. आता आपल्याकडे पाटील, जाधव, शिंदे म्हटलं की एकाच नावाची माणसं किती निघतील बघा. आमच्या होणाऱ्या भाडेकरूच्या नावापुढे पिवळी खूण आली, "संभाव्य जुळणी, पुढील तपास सुरू", आणि तो तपास काही संपेना, चॅटवर विचारलं तर तेच वाक्य परत, माणूस बोलायला नाहीच, आणि इकडे त्या बिचाऱ्याचा रोज मेसेज की काका, फायनल करायचं का. मागे लागून केस नंबर मिळवला तेव्हा कळलं की केस १९९८ ची, दुसऱ्याच जिल्ह्यातली, तेव्हा हा शाळेत होता! तोपर्यंत त्याने शेजारच्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता. चांगली पार्टी थांबत नाही हो, विशेषतः जूनच्या तोंडावर.

बरं, जे हवं ते रिपोर्टमध्ये नव्हतंच. सिबिल स्कोअर (कर्ज कसं फेडतो त्याचा आकडा) जोडला होता, पण त्यात कर्ज आणि क्रेडिट कार्ड दिसतं, घरभाडं थकवलं होतं का ते नाही.

फोनच्या पद्धतीलाही खोट आहे, ती सांगतो. सध्याच्या मालकाला भाडेकरू नकोसा झाला असेल तर मालक गोडच बोलणार, आणि दिलेला नंबर मित्राचाही असू शकतो. म्हणून जुन्या ॲग्रीमेंटची कॉपी मागायची, त्यावरचं मालकाचं नाव जुळवायचं, आणि जमलं तर त्याच्याही आधीच्या मालकाला फोन करायचा, त्याला खोटं बोलायचं कारण उरलेलं नसतं. जोडीला बँक स्टेटमेंटमधल्या फक्त भाड्याच्या एंट्र्या, बाकीचं झाकून दिलं तरी चालेल. दर महिन्याची तारीख बघितली की मला सिबिलपेक्षा जास्त कळतं.

"माणूस कसा आहे" असं मोघम विचारू नका, सगळे चांगलंच सांगतात. डिपॉझिटमधून किती कापलं आणि कशाचं, शेवटचं लाईट बिल कोणी भरलं, असं विचारा. एक काकू आधी नुसतं छान छान बोलत होत्या, "परत द्याल का त्यांना फ्लॅट?" म्हटल्यावर जरा थांबल्या आणि मग म्हणाल्या, "भाडं पाच तारखेच्या आत यायचं हो, पण गिझर गळतोय ते जाईपर्यंत सांगितलं नाही, खालच्यांचं छत ओलं झालं." असं कुठल्या रिपोर्टमध्ये येणार? घेतला मी तोच भाडेकरू, गिझर मात्र दर काही महिन्यांनी स्वतः बघून येतो.

अर्थात हा माझा अनुभव, तुमचं ॲप बरं निघेलही. पहिल्यांदाच भाड्याने राहणाऱ्या पोरांचे जुने मालकच नसतात, तिथे ऑफिसच्या एचआरचा ईमेल आणि आई-वडिलांशी एक फोन पुरतो. बॅचलर आहे म्हणून सरसकट नाही म्हणणं मला तरी पटत नाही, माझं भाडं थकवलं ते एका सुखवस्तू कुटुंबाने.

आणि रिपोर्ट घ्यायचाच असेल तर भाडेकरूला आधी सांगून घ्या, आणि पिवळी खूण आली तर केस नंबर लगेच मिळेल का हे पैसे भरायच्या आधी विचारा.