फाळक्याची आयशर बंद बॉडीची करून घेतली, कळंबोलीच्या कामाचा अनुभव

आमचा १४ फुटी आयशर ट्रक नऊ वर्षं फाळक्याचा होता, म्हणजे बाजूंना खाली पाडता येणारे फाळके, उघडी बॉडी, वरून ताडपत्री आणि रस्सा. मे महिन्यात कळंबोलीला ट्रक टर्मिनलजवळच्या एका बॉडीवाल्याकडून ती उघडी बॉडी उतरवून बंद कंटेनर चढवून घेतला आणि अख्खा पावसाळा चालवला, म्हणून आता लिहितोय.

बदलायचं कारण सरळ आहे, पार्सलचं काम उघड्या गाडीला मिळतच नाही. भिवंडीच्या गोडाऊनमधून निघताना दाराला सील मारतात, सीलचा नंबर कागदावर चढतो आणि पुढच्या हबला, म्हणजे पार्सल उतरवायच्या गोडाऊनला, तोच नंबर बघून दार उघडतात, आता फाळक्याच्या गाडीला सील मारणार कुठे? पूर्वी जकात होती तेव्हा नाक्यावर माल दाखवायला ताडपत्री सोडावी लागायची, तेव्हा उघडी गाडीच सोयीची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली आणि तेही कारण संपलं.

काम मजबूत केलंय. आतून प्लायवूड, छताला मधोमध पारदर्शक फायबरची पट्टी, त्यामुळे दिवसा आत बॅटरी लागत नाही. आतलं माप १४ बाय ६ बाय ६, म्हणजे ५०४ घनफूट. बॉडी जड झाल्याने वजनाची क्षमता कमी झाली पण पार्सलला त्याने काही बिघडत नाही, तिथे गाडी वजनाने नाही जागेने भरते. ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचा उशांचा खोका घ्या, तिन्ही मापांचा गुणाकार ५००० ने भागायच्या हिशोबाने कुरिअरवाले तो १९.२ किलो धरतात, उचलला तर चार किलो पण नसतो.

तक्रार दोन गोष्टींची. पंधरा दिवस सांगून सव्वीस दिवस लावले, तेवढे दिवस गाडी उभी आणि हप्ता चालू. आणि जूनच्या पहिल्याच पावसात मागच्या दाराच्या रबरातून पाणी आत आलं, सहा खोके भिजले, भरपाई मला द्यावी लागली. रबर त्यांनी फुकट बदलून दिलं, नंतर थेंब नाही, पण डिलिव्हरी घेतानाच दार लावून पाईपने पाणी मारून बघा, मी बघितलं नव्हतं. आणि हो, बॉडी बदलायच्या आधी आरटीओची परवानगी घ्या आणि आरसीवर नोंद करून घ्या, नाहीतर पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, अडकाल, आठ वर्षांवरच्या गाडीला ते दरवर्षी असतं.

एवढं सगळं पटूनसुद्धा फाळके उतरवताना मी तिथे थांबलो नाही, चहाला निघून गेलो. ताडपत्री बांधायला मला बाबांनी शिकवलं, आधी पुढचा कोपरा दुमडायचा म्हणजे वारा आत शिरत नाही, मग रस्सा आडवा, मग उलटा फिरवून ताणायचा. त्यांनी बांधलेली ताडपत्री कसारा घाटात पण फडफडायची नाही. आता ठेवलेला ड्रायव्हर चांगला पोरगा आहे पण त्याने आयुष्यात रस्सा बांधलेला नाही, गरजच पडली नाही त्याला. आणि बाजूने माल भरायची सोय गेली ती गेलीच, कळव्याच्या आमच्या गल्लीत मागे जागा नसली तर आधी एका बाजूचा फाळका पाडून काम व्हायचं, आता हमाल पूर्ण १४ फूट आत चालत जातात. ज्यांना पार्सलशिवाय भाडी मारायची आहेत त्यांनी बाजूला एक दार काढून घ्याच, जास्तीचे पैसे लागतील पण मी काढलं नाही त्याचा पस्तावा होतोय.

दरवर्षी पेणहून आमच्या मंडळाचा गणपती याच गाडीतून यायचा. मूर्ती सात फुटी आणि कंटेनरची उंची सहा फूट. यंदा फाळक्याची गाडी शोधायला चार दिवस फिरलो, ओळखीच्या सगळ्यांनी बंद बॉडी केलीय, शेवटी तुर्भ्याला मार्केटात कांदा खाली करून उभी असलेली एक मिळाली. ड्रायव्हर साठीचे काका होते, मूर्तीवर प्लास्टिक टाकून रस्सा त्यांनीच बांधला, आधी पुढचा कोपरा दुमडून.