व्हेंडर ऑडिट म्हणून आले आणि आमच्या रबर कंपाउंडचा फॉर्म्युला घेऊन गेले

भोसरी एमआयडीसीत आमचं रबर मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. ऑइल सील, ओ-रिंग, गॅस्केट असा माल. सासऱ्यांनी उभा केलेला धंदा आता मी आणि माझे मिस्टर बघतो. गेल्या वर्षी आम्हाला ज्या पद्धतीने फसवलं गेलं, त्यात कुणी कुलूप तोडलं नाही की कॉम्प्युटर हॅक केला नाही. म्हणूनच सविस्तर लिहिते.

ओ-रिंगची डाय कुणीही बनवून घेईल. आमची खरी पुंजी कंपाउंडमध्ये, म्हणजे रबरात काय काय आणि किती मिसळायचं त्या मिश्रणात आहे. नायट्राइल रबर 100 भाग धरून कार्बन ब्लॅक किती, झिंक ऑक्साइड किती, ॲक्सिलरेटर कोणता, गंधक कधी घालायचं, प्रेसला किती तापमानावर किती मिनिटं. गरम तेलात दाबाखाली राहूनही रिंग चपटी पडू नये, एवढ्यासाठी सासऱ्यांनी कितीतरी बॅचेस भंगारात घातल्या. ते सगळं आमच्या बॅच कार्डावर असतं.

एक्स्पोर्टची मोठी एन्क्वायरी आली. परचेसचा म्हणून जो माणूस बोलायचा तो अतिशय सभ्य, कामाची भाषा जाणणारा. सॅम्पल मागितली, पास झाल्याचं कळवलं, मग व्हेंडर ऑडिट, म्हणजे ऑर्डर देण्याआधी कारखान्याची तपासणी, ठरलं. दोघे आले. ऑडिटला आलेला माणूस टेस्ट रिपोर्ट बघतो, गेजचं कॅलिब्रेशन विचारतो, रिजेक्शनची वही उघडायला लावतो. यांच्यातला एक मात्र रोल मिलपाशीच, म्हणजे रबर मिसळायच्या रोलरच्या मशीनपाशीच, घुटमळत होता. रिपोर्टला जोडायचे म्हणून त्याने मोबाइलवर फोटो काढले. मिलशेजारी क्लिपला लावलेलं बॅच कार्ड आणि केमिकलच्या पोत्यांवरची नावं त्या फोटोंत गेली.

पण कार्डावर सगळं नसतं. कोणती गोष्ट कधी टाकायची, रोल किती गरम झाल्यावर थांबायचं, हे आमच्या मिक्सिंगच्या काकांच्या हातात आहे. त्यांना चाकणच्या नव्या प्लांटमधल्या नोकरीसाठी फोन आला. पगार जवळजवळ दीडपट. गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, एका हॉटेलात इंटरव्ह्यू. ‘गंधक शेवटी टाकता ना? किती कट मारता? बॅच किती वेळ पडू देता?’ आपलं काम येतं हे दाखवायला माणूस इंटरव्ह्यूत जे सांगेल ते काकांनी सांगितलं. नंतर ना ऑफर लेटर, ना फोन.

पुढे आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने रेट कमी करा म्हटलं: तीच हार्डनेस, तसेच टेस्टचे आकडे, दुसरीकडे स्वस्तात मिळतंय. तो माल मागवून लॅबला दिला, तर रिपोर्ट आमच्याच बॅचचा वाटावा असा. हे ऐकल्यावर काकांनी आपणहून इंटरव्ह्यूची हकीकत सांगितली. एन्क्वायरीवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तो भलत्याच व्यापाऱ्याचा निघाला.

काकांवर संशय घेणारे बरेच भेटले. मला ते साफ अमान्य आहे. फसवणूक त्यांचीही झाली. चांगल्या पगाराची आशा दाखवून त्यांच्याकडून फुकट काढून घेतलं. आमचा माल बाजारातून विकत घेऊन, तपासून, कुणी स्वतःच्या डोक्याने तसा बनवला असता तर आमची तक्रार नव्हती. ती स्पर्धा आहे. खोटं नाव सांगून दारात येणं ही चोरी आहे.

एकाने सुचवलं, तुम्हीही त्यांचा माणूस फोडा. आम्ही नाही म्हटलं. 2006 मध्ये अटलांटात कोका-कोलाच्या ऑफिसातली गुपितं विकायची ऑफर पेप्सीला पत्राने आली, तेव्हा पेप्सीने ते पत्र सरळ कोका-कोलाला दिलं. एफबीआयने सापळा लावला आणि कागद बाहेर काढणाऱ्या सेक्रेटरीला पुढे 8 वर्षांची शिक्षा झाली. एवढे कट्टर स्पर्धक असं वागू शकतात, तर भोसरी-चाकणमध्ये का नाही?

वकिलांकडे गेल्यावर कळलं की व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च 2024 मध्ये आपल्या 289 व्या अहवालात तशी शिफारस केली आहे. आयटी कायद्याची 43 आणि 66 ही कलमं कॉम्प्युटरमधल्या डेटाला लागतात. आमचं कार्ड कागदाचं. मुख्य मार्ग उरतो तो दिवाणी दाव्याचा, आणि तिथे पहिला प्रश्न येतो की माहिती गुप्त ठेवायला तुम्ही काय केलं होतं. नोकरी सोडल्यावर दुसऱ्याकडे जायचं नाही, असं कामगाराकडून लिहून घेतलं तरी करार कायद्याच्या कलम 27 पुढे ते सहसा टिकत नाही. टिकू नयेच. हातातलं कसब काकांचं आहे, त्यावर त्यांनी कुठेही पोट भरावं. लिहून घ्यायचं ते फॉर्म्युल्याच्या गोपनीयतेबद्दल.

आता आमच्याकडे पोत्यांवर नावं नाहीत, कोड आहेत. केमिकल आतल्या खोलीत वजन करून पाकिटातूनच मिलवर येतं. ऑडिटच्या आधी जीएसटी नंबर तपासतो, गोपनीयतेच्या करारावर सही घेतो, आणि मोबाइल गेटवर ठेवायला लावतो. खऱ्या कंपन्यांनी याला एकदाही हरकत घेतलेली नाही.

नोटीस पाठवली आहे, उत्तर नाही. आमच्याच ब्लॉकमधल्या एका हीट ट्रीटमेंटवाल्यांना अशीच एक्स्पोर्टची एन्क्वायरी येऊन गेली, तीही ऑडिटच्या घाईसकट. तुमच्या मिक्सिंगच्या, टूलरूमच्या माणसांना हे वाचून दाखवा. हॉटेलातल्या इंटरव्ह्यूत पगार आणि शिफ्टऐवजी तुमच्या प्रोसेसचेच प्रश्न येत असतील, तर कंपनीचं लेखी पत्र मागून उठून यायला सांगा, आणि नोकरी शोधतोय म्हणून आपल्यावर कुणी रागावणार नाही हेही त्यांना आधीच सांगून ठेवा.