जावास्क्रिप्टमधे इनहेरिटन्स: क्लास घ्यायचा, ऑब्जेक्ट डॉट क्रिएट की नुसती फंक्शनं?

इनहेरिटन्स म्हणजे एका ऑब्जेक्टचे गुण आणि मेथड (त्याची फंक्शनं) दुसऱ्याला मिळणं. आधी निकाल सांगून टाकतो, कारणं मग. टीममधे काम करताय आणि एकाच साच्याचे भरपूर ऑब्जेक्ट लागणारेत तर सरळ क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, घ्या, पण एक्स्टेंड्सची (एका क्लासवरून दुसरा बनवण्याची) एक पायरी झाली की थांबा, त्यापुढे गरज पडली तर फंक्शनं बरी.

जुनी पद्धत म्हणजे कन्स्ट्रक्टर फंक्शन. न्यू लावून त्यातून ऑब्जेक्ट बनवा, मेथड प्रोटोटाइपवर (ज्या वरच्या ऑब्जेक्टकडे मेथड शोधली जाते त्यावर) चिकटवा, मग पोराचा प्रोटोटाइप बापाच्या प्रोटोटाइपला हाताने जोडा, आणि आत बापाचं फंक्शन डॉट कॉल लावून बोलवा. यातली एखादी पायरी राहिली तर बरेचदा एररसुद्धा येत नाही, कोड नुसता वेड्यासारखा वागतो. आज नव्याने असं लिहू नका, पण अंधेरी-ऐरोलीकडे नोकरी करणार असाल तर जुना प्रोजेक्ट कधी ना कधी गळ्यात पडणारच, तेव्हा वाचता आलं पाहिजे.

क्लास आला 2015 ला, ईएस6 मधे, म्हणजे जावास्क्रिप्टच्या सहाव्या आवृत्तीत. दिसायला जावासारखा, पण खाली इंजिन तेच, प्रोटोटाइपचं, ब्रेंडन आयकने 1995 मधे नेटस्केपला असताना सेल्फ नावाच्या भाषेवरून घेतलेलं. म्हणजे मेथड ऑब्जेक्टमधे कॉपी होत नाही, ऑब्जेक्टकडे नसेल तर वरच्याकडे शोधली जाते, तिथे नसेल तर त्याच्याही वर, शेवटी नल, म्हणजे काहीच नाही. म्हणून प्रोटोटाइपवरची मेथड नंतर बदललीत तर आधी बनलेले ऑब्जेक्टही नवीनच मेथड चालवतात, जावावाल्यांना हे जाम खटकतं. बाकी क्लासचे फायदे खरे आहेत, न्यू विसरलात तर लगेच एरर, सुपर लिहून बापाला बोलवणं सोपं, आणि 2022 पासून नावाआधी हॅश (#) लावून खरे प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून न दिसणारे, फील्डसुद्धा.

ऑब्जेक्ट डॉट क्रिएट त्याच्याही आधीचं, 2009 च्या ईएस5 मधलं. क्लास नाही, न्यू नाही, एका ऑब्जेक्टवरून थेट दुसरा. मला स्वतःला हे सगळ्यात प्रामाणिक वाटतं, पण फसवतंही हेच. समजा 'लोकल' ऑब्जेक्टमधे 'थांबे' नावाचा रिकामा ॲरे (यादी) आणि 'डबे' 12 असं ठेवलं आणि त्यावरून 'विरार' आणि 'चर्चगेट' असे दोन ऑब्जेक्ट बनवले. आता विरारच्या थांब्यांत 'दादर' पुश केलं, म्हणजे यादीत घातलं, की चर्चगेटच्या थांब्यांतही दादर दिसतं, कारण ॲरे एकच आहे, वरचा. पण विरार डॉट डबे बरोबर 15 असं लिहिलंत तर ते फक्त विरारवरच बसतं, वरचे 12 तसेच राहतात. असाइन केलं की आपलं, पुश केलं की सगळ्यांचं. क्लासमधे तोच ॲरे फील्ड म्हणून लिहिला तर प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःचा मिळतो, हा भानगडीचा मुद्दा तिथे येतच नाही.

आता खरी मारामारी. लोकलचाच क्लास वाढवत न्या: फास्ट लोकल, मग एसी लोकल, मग एसी फास्ट, मग एसी स्लो, मग 15 डबा फास्ट, आणि एक्स्टेंड्स तर एकाच बापाला लावता येतं! वर बोरिवलीपर्यंत फास्ट आणि पुढे सगळी स्टेशनं घेणारी विरार गाडी आली की काय करणार, धावत्या ऑब्जेक्टचा क्लास बदलणार का? इथे फंक्शनं जिंकतात. 'एसी जोड', 'थांबे ठरव' असली छोटी फंक्शनं हवी तशी एकत्र करायची, थांबे ठरवणारं फंक्शन मधेच बदललं तरी चालतं. शिवाय क्लोजर (बाहेरच्या फंक्शनची व्हेरिएबल लक्षात ठेवणारं आतलं फंक्शन) वापरलं तर धिस, म्हणजे 'हा ऑब्जेक्ट' सांगणारा शब्द, लागतच नाही, त्यामुळे थोड्या वेळाने चालवायला सेटटाइमआउटला मेथड दिली आणि धिस हरवला ही कटकट संपली. किंमत एवढीच की प्रत्येक ऑब्जेक्टला मेथडची वेगळी प्रत बनते, शंभर ऑब्जेक्टना काही फरक पडत नाही, लाखभर असतील तर पडेल, आणि ऑब्जेक्ट कुठल्या क्लासचा ते तपासणारं इन्स्टन्सऑफ चालत नाही.

रिॲक्ट (वेबपेज बनवायची लायब्ररी) करणाऱ्यांसाठी तर निवड जवळपास झालेलीच आहे, 2019 ला तिच्या 16.8 आवृत्तीत हुक्स (क्लासशिवाय फंक्शनमधेच माहिती सांभाळायची सोय) आले तेव्हापासून नवीन कंपोनंट, म्हणजे पानाचे तुकडे, बहुतेक फंक्शनमधेच लिहितात. क्लासशिवाय खरंच अडतं ते ब्राउझरचे कस्टम एलिमेंट (स्वतःचे एचटीएमएल टॅग) लिहिताना, आणि स्वतःचा एरर टाइप बनवायचा असेल तर एक्स्टेंड्स एरर इतकं सुटसुटीत दुसरं काही नाही.