दहा मिनिटांपुरती टाइट केलेली गाडी

सेकंडहँड मोटरसायकल घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, सायलेन्सरमधला धूर बघतात, आरसी तपासतात. पुढचे शॉकअप, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग), चिमटा (मागचं चाक धरणारा हलता सांगाडा) आणि मागचे शॉक यांकडे फारसं कोणी वळत नाही, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. खालची हकिगत ज्या गाडीची आहे ती ३५० सीसीची, २०१६ सालची. पुढे टेलिस्कोपिक फोर्क (म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पाइपांचे पुढचे शॉकअप), ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याचं अंतर, १३० मिमी. मागे दोन शॉक, ट्रॅव्हल ८० मिमी, प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या) पाच पायऱ्या. पुण्यात जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दुकानातून ती घेतली गेली. ‘सिंगल ओनर, ठोकलेली नाही, शॉकअपचं काम आत्ताच करून घेतलंय’ असं मेसेजवर लिहून आलं होतं. टेस्ट राइड दुकानासमोरच्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावर, जेमतेम दहा मिनिटांची. गाडी घट्ट, भक्कम वाटली. व्यवहार झाला.

पहिल्याच आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. ट्रॅफिकमध्ये ताशी १०-१५ च्या वेगाला गाडी सरळ रेषेत जाईना, हँडल सतत सावरावं लागे. हायवेवर ८० च्या पुढे मागचा भाग डोलायचा. स्पीडब्रेकरआधीच्या रम्बलरवर पुढची बाजू एकेका पट्टीला खाली बसत जायची आणि शेवटच्या पट्टीला हातात दणका यायचा. दुकानदाराचं म्हणणं, ‘जड गाडी आहे, सवय होईल. नाहीतर हवा बघा.’ हवेचं तेवढं खरं निघालं. दोन्ही टायरांत ४० पीएसआयच्या वर हवा होती. ती मॅन्युअलप्रमाणे, म्हणजे पुढे २० च्या आणि मागे ३० च्या आसपास केली, तेव्हा पुढच्या टायरची असमान झीज हाताला जाणवायला लागली आणि थ्रॉटल सोडून ६० वरून ४० वर येताना हँडल थरथरायला लागलं.

जास्त हवा का भरतात? टायर टणक झाला की हँडल हलकं फिरतं, आणि टायरची असमान झीज किंवा कोनसेटमुळे आलेला जडपणा थोडा वेळ झाकला जातो. बाकीच्या करामतींचंही सूत्र हेच आहे: जुन्या गाडीत जे जे ढिलं झालंय ते ते आवळून टाकायचं. छोट्या, सपाट टेस्ट राइडमध्ये आवळलेली गाडी चांगली गाडी वाटते. म्हणून तपासणीला बसण्याआधी गाडी मूळ सेटिंगला आणायची. हवा मॅन्युअलप्रमाणे, मागचा प्रीलोड दुसऱ्या पायरीवर, दोन्ही बाजूंना सारखा. टायर गेज आणि शॉकचा प्रीलोड फिरवायचा सी-पाना सोबत न्या. दुकानदार हात लावू देत नसेल तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही, घरी या.

आता गाडी उघडल्यावर काय काय निघालं ते.

पुढच्या पाइपांवर नवेकोरे रबरी गेटर (घडीदार आवरणं) होते. दिसायला छान, पण त्या मॉडेलला कंपनीतून येत नाहीत. गेटर वर सरकवल्यावर डाव्या पाइपच्या क्रोमवर गंजाचे खड्डे आणि त्यांच्या वर बारीक आडव्या भेगा दिसल्या. खड्ड्यांवर नख अडकत असेल तर कितीही महागडी ऑइल सील घाला, महिन्या-दोन महिन्यांत गळणारच. आडव्या भेगा त्याहून वाईट. वाकलेला पाइप प्रेसवर सरळ करून घेतला की हार्ड क्रोम असा तडकतो. चाक काढून पाइप व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या आधारांवर) फिरवला आणि डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) लावला, तर काटा एकूण १ मिमीच्या वर हलला. वाकण काट्याच्या हालचालीच्या निम्मं धरतात, म्हणजे अर्ध्या मिमीहून जास्त. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ही मर्यादा ०.२ मिमी असते.

इथे एक गोष्ट विकणाऱ्याच्या बाजूचीही सांगायला हवी. हँडल सरळ धरलं तरी चाक तिरकं दिसतं, एवढ्यावरून पाइप वाकलाय असं ठरवू नका. उभी गाडी पडली तरी पाइप टीमध्ये (दोन्ही पाइप धरणारे आडवे भाग, एक वर, एक खाली) पिळले जातात. अ‍ॅक्सल, खालच्या टीचे आणि वरच्या टीचे बोल्ट सैल करून, फोर्क दोन-चारदा दाबून, खालून वर क्रमाने पुन्हा आवळले की ते जागेवर येतं. तसं केल्यावरही तिरकं राहिलं तरच वाकण शोधा. या गाडीत राहिलं.

फोर्कमधलं तेल काढलं तर ते इंजिन ऑइल होतं. १५डब्ल्यू-५० चं इंजिन ऑइल नेहमीच्या फोर्क ऑइलपेक्षा सामान्य तापमानाला तीन-चार पट घट्ट असतं. डॅम्पर रॉडच्या (फोर्कच्या आतला, हालचाल आवरणारा दांडा) ठरावीक आकाराच्या भोकांतून ते सावकाश जातं, त्यामुळे फोर्क दाबला की हळू खाली जातो आणि हळू वर येतो. दुकानात हँडल दाबून बघणाऱ्याला वाटतं, ‘वा, शॉकअप टाइट आहेत.’ रस्त्यावर मात्र एका दणक्यानंतर फोर्क पुरता वर येण्याआधी दुसरा दणका येतो, मग तिसरा. ट्रॅव्हल संपत जातं. रम्बलरवर पुढची बाजू बसत जायची ती यामुळे. शिवाय तेल प्रमाणाबाहेर भरलेलं होतं. वरची हवेची जागा कमी झाली की शेवटच्या टप्प्यात दाब एकदम वाढतो आणि सील फुटतात.

स्प्रिंगच्या वर प्रत्येक बाजूला पीव्हीसी पाइपचा तुकडा निघाला. एक तुकडा दुसऱ्यापेक्षा आखूड. बसलेली स्प्रिंग उंच दिसावी म्हणून हे घालतात; काही जण वॉशर किंवा नाणीही घालतात. स्पेसरने प्रीलोड वाढतो, स्प्रिंगचा कडकपणा वाढत नाही. ओळखायची खूण सोपी: स्पीडब्रेकर उतरताना, फोर्क पूर्ण सुटतो त्या क्षणी ‘टक’ असा धातूचा आवाज येतो, आणि नुसत्या गाडीच्या वजनाने फोर्क जवळजवळ बसतच नाही.

कोनसेटचा प्रकार सगळ्यात धोक्याचा होता. समोरून धडक बसली, किंवा कोनसेट ढिला ठेवून गाडी खूप पळवली, की बेअरिंगच्या गोळ्यांचे ठसे रेसमध्ये (गोळ्या ज्यांत फिरतात त्या कड्यांत) उमटतात, नेमके हँडल सरळ असतं त्या जागी. मग ब्रेक मारला की पुढे ‘कटकट’ होते. ती बंद करण्यासाठी नट प्रमाणाबाहेर आवळला होता. कटकट गेली, पण हँडल मध्यभागी अडकायला लागलं. मोटरसायकल स्वतःला सावरते ती पुढचं चाक मोकळेपणी वळतं म्हणून. ते अडकलं की चालवणाऱ्याला ते काम हाताने करावं लागतं. तपासायची रीत अशी. मेन स्टँडवर लावून मागून कोणालातरी दाबायला सांगा, पुढचं चाक अधांतरी करा. हँडल सरळ धरून एका बोटाने हलकं सोडा. ते आपल्या वजनाने दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत जायला हवं. मध्ये खाच लागली, कुठे थबकलं, तर कोनसेट बदलायचाच. केबल ताणलेल्या असतील तर त्याही अडवतात, तेवढं बघून घ्या. मग फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. वरच्या टीजवळ ‘टक’ जाणवली तर ढिला आहे. हँडल थरथरतं का हे बघण्यासाठी दोन्ही हात सोडून गाडी चालवण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो ऐकू नका. मोकळ्या रस्त्यावर हेल्मेट घालून, तळवे हँडलवरच ठेवून पकड सैल केली तरी पुरेसं कळतं.

मागे दोन्ही शॉक पाचव्या पायरीवर होते आणि त्यांना काळा स्प्रे मारलेला होता. स्प्रेखाली रॉडच्या तोंडाशी तेलाचा ओला थर. पाचवी पायरी दोन माणसं आणि सामानासाठी असते. एकट्यासाठी ती लावली की मेलेला शॉकही उंच उभा राहतो. दुसऱ्या पायरीवर आणून सीट दाबून सोडली, तर मागची बाजू तीनदा वर-खाली झाली. धडधाकट शॉक वर येऊन थांबतो. प्रीलोडने डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरण्याची ताकद, परत येत नाही. गळका सीलबंद शॉक दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, जोडी बदला.

हायवेवरच्या डोलण्याचं दुसरं कारण चिमट्याचे बुश (त्याच्या सांध्यातल्या झिजणाऱ्या बाही). मागचं चाक धरून आडवं हलवलं तर खेळ जाणवतो, पण तो चाकाच्या बेअरिंगचाही असू शकतो. एका हाताने चिमट्याचं टोक आणि दुसऱ्याने चाक धरा. चिमटा स्थिर आणि चाक हलतं तर बेअरिंग. चिमट्यासकट हलतं तर बुश. शॉकचे खालचे बोल्ट काढून बघितलं तर शंका उरत नाही.

दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का हे बघायला सुतळी पुरते. मागच्या टायरला वळसा घालून दोन्ही बाजूंनी टायरच्या पुढच्या-मागच्या कडांना चिकटवत, स्टँडचा अडसर टाळून पुढे ताणा. मागचा टायर ११० आणि पुढचा ९० असेल तर पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना साधारण १० मिमी अंतर सुटायला हवं. या गाडीत एकीकडे ४ आणि दुसरीकडे १६ होतं. चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणांवर भरवसा न ठेवता चिमट्याच्या पिव्हॉटपासून (सांध्यापासून) अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून सारखं केलं, तेव्हा ७ आणि १३ झालं. उरलेला फरक नवे पाइप घातल्यावर गेला. गेला नसता तर चेसिस वाकलेली, आणि मग गाडी परत करण्यासाठीच भांडायचं. हेड पाइपच्या (हँडलचा दांडा बसतो तो चेसिसचा भाग) खालच्या नळीवर रंगाला सुरकुती, लॉक स्टॉपला (हँडल शेवटी जिथे अडतं ती जागा) ठोकर, टाकीला हँडलच्या उंचीवर पुटी भरलेला खड्डा, या तीन जागा बॅटरी मारून बघायच्या. इथे स्टॉप चेपलेला होता. ‘ठोकलेली नाही’ तिथेच संपलं.

बसवाबसव झाल्यावर सॅग, म्हणजे चालवणाऱ्याच्या वजनाने गाडी किती बसते ते, मोजून सेटिंग केलं. चाक अधांतरी असताना अ‍ॅक्सलपासून वरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग चालवणारा पूर्ण पोशाखात बसलेला असताना गाडी दाबून हळू सोडून एक माप, उचलून हळू सोडून दुसरं. या दोहोंची सरासरी पहिल्यातून वजा केली की सॅग. १३० मिमीच्या फोर्कला ३५ ते ४५ मिमी, ८० मिमीच्या शॉकला २० ते २७ मिमी ठीक. दोन मापांत फार फरक आला तर कुठेतरी घर्षण आहे, बहुधा वाकण किंवा चुकीचा आवळलेला अ‍ॅक्सल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच रस्त्यावर चालवून बघा.

पैशांचं काय? विकणारा व्यापारी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. मोबदला, म्हणजे गाडीसाठी दिलेली रक्कम, ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. घरगुती विक्रेत्याविरुद्ध हा रस्ता नाही. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, ते दाखवायला सांगा. ‘जशी आहे तशी’ असं बिलावर छापलेलं असेल तर त्याखाली ‘अपघातग्रस्त नाही’ हे हाताने लिहून सही घ्या, आणि मेसेज पुसू नका. गाडी उघडण्याआधी गेटर लावलेला फोर्क, प्रीलोडची पायरी, हवेचं गेज यांचे तारखेसह फोटो काढा. वर्कशॉपकडून मोजमापांसकट लेखी रिपोर्ट घ्या. काढलेले पाइप, पीव्हीसीचे तुकडे, कोनसेटच्या रेस आणि बाटलीत भरलेलं ते तेल मेकॅनिककडे सोडू नका. आयोगापुढे दाखवायला तेच लागतात.