वेळणेश्वरचा होमस्टे: साहेबांची फेरी, वहिनींची पिठी

आधी गाडीवाल्यांसाठी. देवळाकडे उतरण्याअगोदर आत वळणारा जांभ्याचा कच्चा रस्ता अवघड आहे. पहिल्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. मी 29 वर्षं चिपळूण डेपोला ड्रायव्हर होतो, कुंभार्ली घाटाची वळणं झोपेतही सांगेन (झोपेत घेतली नाहीत कधी), तरी मुलाची नवी गाडी खालून दोनदा घासली.

बोर्ड नाही. घराचं नाव छापू नका असं साहेबांनीच सांगितलंय. देवळाजवळ कुणालाही ‘पायलटचं घर’ विचारा. आमच्या एसटीत कंडक्टर ड्रायव्हरलाच ‘पायलट’ म्हणायचे, त्यामुळे मला पहिल्यांदा वाटलं आपलाच कुणीतरी असेल. हे खरे पायलट निघाले. हवाई दलातून विंग कमांडर होऊन रिटायर झालेले, मूळ इथलेच.

खोल्या तीन. स्वच्छ, पण गाद्या कडक. बायकोने पहिल्याच रात्री तक्रार केली, दुसऱ्या रात्री घोरत होती. बाथरूमच्या भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद आहे: गिझर चालू, 10 मिनिटं थांबा, गिझर बंद, मग नळ. अशी यादी पंपाजवळ, गॅसजवळ, फाटकावरसुद्धा. मुलगा हसला. मी नाही हसलो.

जेवण वहिनी करतात. मेनू वगैरे काही नाही. त्या दिवशी जो मासा मिळेल तो. संध्याकाळी 6 पर्यंत सांगायचं आणि 8 ला ताटावर बसायचं. 8 म्हणजे 8. आम्हाला एक दिवस सुरमई मिळाली, दुसऱ्या दिवशी बांगडा, तिरफळ घातलेला. सोलकढी नारळाचा रस काढून केलेली, गुलाबी पाणी नव्हे. पण खरी चीज कुळथाची पिठी. मऊ भात, पिठी, वर लसणाची फोडणी. मासे सोडून मी दोनदा भात घेतला, आता बोला. सकाळी घावणे आणि चटणी. दोघांचे एका रात्रीचे 2,200, नाश्ता त्यातच. माशाचं ताट 350. मोबाईलला रेंज फक्त विहिरीपाशी.

जेवायला बसतात ती बाकं म्हणजे काळ्या लोखंडी ट्रंका आहेत, पांढऱ्या रंगात साहेबांचं नाव घातलेल्या. वहिनी म्हणाल्या, “ह्यांच्या नोकरीची वर्षं तासांत मोजतात, माझी ट्रंकांत.” बदली आली की घर ट्रंकांत भरायचं. साहेब लेहला गेले तेव्हा त्या पोरांना घेऊन इथे सासूजवळ राहिल्या.

साहेबांशी बोलायचं असेल तर एक सल्ला. “किती माणसं वाचवली?” असं विचारू नका. माझ्या मुलाने विचारलं, साहेबांनी लगेच भरती-ओहोटीच्या वेळा सांगायला घेतल्या. हेलिकॉप्टरमधून किती वजन न्यायचे ते विचारा, खुलतात.

खडकवासल्याच्या एनडीएत 3 वर्षं, मग विमानं, मग हैदराबादजवळच्या हकिमपेटला हेलिकॉप्टर शिकले. त्यानंतर लेह आणि सियाचीन. 13 एप्रिल 1984 ला आपली फौज सियाचीनवर चढली, तेव्हापासून वरच्या चौक्यांना माल पोचवायचं काम हेलिकॉप्टरचं. साहेबांकडे चीता होतं, एका इंजिनाचं, पायलट धरून 5 माणसांचं. खाली 5 माणसं, पण 20,000 फुटांवरच्या चौकीला त्यातून रॉकेलचे एक-दोन डबे गेले तरी पुष्कळ. हवा विरळ, पात्याला धरायला काही नाही आणि इंजिनालाही श्वास नाही. मग डिझेलसुद्धा मोजून घ्यायचं... डिझेल म्हटल्यावर साहेबांनी दुरुस्त केलं, विमानाचं इंधन वेगळं. परत यायला लागेल तेवढंच घ्यायचं, वाचलेल्या वजनाचा माल. चौकीवर इंजिन बंद करत नाहीत, कारण परत चालू होईलच याचा भरवसा नाही. पाती फिरत असतानाच जवानांनी वाकून यायचं, डबे ओढायचे, की उड्डाण. मी गणपतीत 80-80 माणसं भरून घाट चढवलाय. ते आता सांगावंसं वाटेना.

मग मी मनातलं विचारलं. वर इंजिन गेलं तर? आमच्याकडे न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे महाभाग असतात, तसं काही? साहेबांनी ताटातला चमचा उचलला. म्हणाले, डाव्या हाताचा दांडा ताबडतोब खाली टाकायचा, म्हणजे पाती सपाट होतात आणि खालून येणारी हवा त्यांना फिरवत ठेवते. त्या फिरण्यात जेवढा जोर साठलाय तेवढीच तुमची शिल्लक. जमीन जवळ आली की नाक वर, दांडा वर, आणि तो जोर एकदाच वापरायचा. “लवकर ओढलात तर वरून पडाल, उशिरा ओढलात तर आपटाल. दुसरा ब्रेक नाही.” चीता ज्या फ्रेंच लामा हेलिकॉप्टरवरून घेतलं, ते 1972 साली झाँ बूले नावाच्या पायलटने 12,442 मीटरवर नेलं. वर गेल्यावर इंजिन विझलं. तो तसाच, बंद इंजिनाने, खालपर्यंत उतरला. 12 किलोमीटरची उतरण! मी चमचा हातात घेऊन बराच वेळ बसलो.

22 जुलै 2021 ला चिपळूणला वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा आम्ही गच्चीवरून वर बघत होतो, ढगांशिवाय काही दिसत नव्हतं. हेलिकॉप्टर का दिसलं नाही, तेही विचारलं. साहेब म्हणाले, दोन्हीकडे डोंगर, ढग खाली बसलेले, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तारा. तार दिसत नाही, खांब दिसतो. खांब दिसला की तार आहेच असं धरायचं. अशा हवेत आत शिरलेला पायलट तुम्हाला वाचवायच्या आधी स्वतःच मदत मागेल. एवढंच बोलले.

रोज सकाळी साडेसहाला साहेब घराभोवती फेरी मारतात. पंप, विहिरीचा दोर, गॅसची नळी, फाटकाची कडी, सगळ्याला हात लावून. उड्डाणाआधी मशीनभोवती मारायचे तीच फेरी. मीही वस्तीची गाडी सकाळी ताब्यात घेताना मारायचो, चाकांवर हातोडी वाजवत, तेल-पाणी बघत. हे मी त्यांना आदल्या रात्री मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

निघायच्या दिवशी बॅगा भरून गाडीत बसलो. साहेब निरोप द्यायला आले ते मागून, गाडीला वळसा घालून.

“मागचं डावं,” म्हणाले.

मुलाने माझ्याकडे बघितलं. गुहागरच्या पंपावर हवा तपासली. 18च होती.